कादंबरीतले दोन भाऊ, एक सही आणि चाळीस वर्षांचं गुपित: ठाणेकरांनो, हे पटतंय का?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. चार वर्षं एक कादंबरी लिहितोय. कोणी विचारलं की 'चाललंय' म्हणतो. सध्या १४० पानांवर गाडी अडकली आहे, म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात अशी. नौपाड्यातला जुना वाडा, दोन भाऊ, दोघंही जे.जे. कलाशाळेचे. थोरला पोर्ट्रेटवाला, १९६० च्या सुमाराला चांगलं नाव झालेला. १९७४ मध्ये त्याचा हात कापायला लागतो. त्यानंतरची सगळी चित्रं धाकटा रंगवतो, पण खाली सही थोरल्याची. घर त्यावर चालतं. हे फक्त दोघा भावांना आणि थोरल्याच्या बायकोला माहीत. १९९६ ला थोरला जातो. दोन वर्षांनी त्याचा मुलगा काकाला म्हणतो, "बाबांची साठच्या दशकातली म्हणून आणखी आठ-दहा करून दे." घोडबंदरला फ्लॅट घ्यायचा आहे. काका करून देतो.

माझे प्रश्न: हे पकडलं कसं जाईल? आणि काका तुम्हाला गुन्हेगार वाटतो का?

बायकोने वाचून एकच शेरा मारला: "मराठी घरात इतकी मोठी गोष्ट चाळीस वर्षं गुपित राहूच शकत नाही. कोणाच्या तरी मुंजीत कोणीतरी बोलतंच."

घोडबंदरचा_ट्रॅफिक

वहिनींना +१. आमच्या मावशीच्या दागिन्यांचं गुपित हळदीपासून लग्न लागेपर्यंतही टिकलं नाही.

बाकी १९९८ ला घोडबंदरला फ्लॅट घेणाऱ्या मुलाला खोटी चित्रं कशाला लागली? तेव्हा तिकडे रिक्षावाला यायला तयार नसे. भाव काय असणार?

जेजेची_जुई

खाडीपलीकडे, विषय झकास आहे. पण १९७४ ते ९६ या काळाला मी फसवणूक म्हणणारच नाही. चित्रशाळा अशाच चालत आल्या आहेत. राजा रविवर्म्याचंच घ्या. धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा आयुष्यभर त्याच्यासोबत हिंडला, रोजनिशी लिहिली, निसर्ग आणि पार्श्वभूमी पुष्कळदा त्याच्या हातची. १९०५ मध्ये धाकटा गेला आणि पुढच्याच वर्षी थोरला. दोघं भाऊ एका कॅनव्हाससमोर उभे राहून काम करायचे हे जगजाहीर होतं, तरी कॅलेंडरवर नाव एकाचंच.

आणि नक्कल करणं म्हणजे लबाडी, हेही आपण उगाच धरून बसतो. जे.जे.च्या मुलांनी ग्रिफिथ्स साहेबाच्या हाताखाली १८७२ पासून तेरा वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. त्या मुलांना कोणी खोटारडं म्हणत नाही.

तलावपाळी_२

जुई, 'जगजाहीर होतं' हे तुम्हीच लिहिलंत. इथे जगजाहीर नाहीये, तिथेच फरक पडतो. गिऱ्हाईक थोरल्याच्या हाताचे पैसे मोजतंय.

जेजेची_जुई

मान्य. पण गिऱ्हाईक तरी कधी हात बघतं? सही बघतं. आणि कधीकधी सहीसुद्धा नाही. हातात समई घेतलेली, बोटांमधून उजेड झिरपणारी ती बाई आठवते? म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अर्ध्या महाराष्ट्राला ते रविवर्म्याचं वाटतं. ते सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं आहे, १९४५-४६ चं, आणि तेही जलरंगात. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी गीता. बापाने लेकीला उभं करून रंगवलं आणि लोकांनी परस्पर श्रेय दुसऱ्याला देऊन टाकलं. यात तर कोणी फसवलंही नाही.

मिसळवाली

बाप रे, ते रविवर्म्याचं नाही? आमच्या हॉलमध्ये तीस वर्षं लटकतंय आणि आलागेला प्रत्येक जण 'वा, रविवर्मा' म्हणतो. सासऱ्यांना सांगायची हिंमत नाही. त्यांनी म्हैसूरहून गुंडाळी करून मांडीवर ठेवून आणलं होतं.

नेरूळचा_नाना

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे वडील तुमच्या कादंबरीतल्या काकाच्या जातीचे. एका नावाजलेल्या पोर्ट्रेट चित्रकाराकडे पगारावर होते. नाव सांगणार नाही, त्यांची नातवंडं इथेच आसपास आहेत आणि भली माणसं आहेत. कारखान्याचे चेअरमन, बँकेचे संस्थापक, शाळेचे देणगीदार अशी चित्रं यायची. साहेब चेहरा करायचे, बाकीचं वडील. दर ठरलेला होता. शालीला पंधरा रुपये, फेट्याला दहा, हातांना वीस. दोन्ही हात असले तरी वीसच. म्हणून वडील साहेबांना सुचवायचे, "एक हात शालीखाली घेऊ का? भारदस्त वाटेल."

पुढे पुढे चेहराही वडीलच करू लागले. साहेब येऊन डोळ्यात पांढरा ठिपका टाकायचे आणि सही करायचे. त्या ठिपक्याने चित्र जिवंत व्हायचं, हे वडीलही कबूल करत.

मी नऊ वर्षांचा असताना ते मला एका बँकेच्या सभागृहात घेऊन गेले. शिपायाशी ओळख काढली, दिवे लावायला सांगितले. भिंतीवर संस्थापक. वडील मला चेहरा दाखवत नव्हते. म्हणाले, "ती शाल खुर्चीच्या हातावरून खाली येते ना, तिथली तिसरी घडी बघ." जांभळ्या सावलीत एक हिरवी रेघ होती, शालीत हिरवा रंग नसताना. "मागच्या पडद्याचा उजेड पडलाय," म्हणाले. "हे फोटोत नव्हतं." एवढंच. मग आम्ही खाली येऊन उसाचा रस प्यालो.

आईला सगळं माहीत होतं. वहिनी, ती कुठल्याही मुंजीत बोलली नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार यायचा.

कोरा_कॅनव्हास

नाना, नुसतं 'वाचतोय' लिहायला आलो होतो. तिसरी घडी डोळ्यासमोरून हलत नाही.

घोडबंदरचा_ट्रॅफिक

'एक हात शालीखाली घेऊ का' 😀 नाना, सलाम.

फ्रेमवाला_नौपाडा

मी चित्रकार नाही, पण पस्तीस वर्षं चित्रांच्या पाठी बघतोय. पकडलं कसं जाईल ते मी सांगतो. पुढून बघणारा फसतो, चित्र उलटं केलं की बोलायला लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे चुका. स्ट्रेचरवर, म्हणजे मागच्या लाकडी चौकटीवर, कॅनव्हास ताणून बसवायला पूर्वी बारीक लोखंडी चुका मारायचे. गंजून त्यांचा तपकिरी डाग कापडात उतरतो, चुकेभोवती गोल. आता सगळे गन टॅकरने पिना मारतात. साठचं चित्र आणि मागे चकचकीत पिना, मग काय राहिलं? बरं, हुशार माणूस जुन्या चुका आणून मारेल. पण डाग कुठून आणणार? चहाचं पाणी लावणारे बघितलेत मी. चहाचा डाग सगळीकडे सारखा पसरतो, गंजाचा चुकेपासून लांब जाताना फिका होतो.

दुसरं, धूळ. खालच्या पट्टीच्या आणि कापडाच्या खाचेत वर्षानुवर्षांची धूळ, कोळ्याचं जाळं, चुन्याचे पोपडे साठतात. ब्रश फिरवला तरी पूर्ण जात नाहीत. वरच्या पट्टीत नसतात. खोटं करणारा चारही बाजूंना धूळ भरतो.

तिसरं माझं आवडतं. एक गृहस्थ 'साठ सालचं' चित्र घेऊन आले होते. मागे फ्रेमवाल्याचं पिवळं पडलेलं लेबल, ठाण्याचा पत्ता, आणि खाली ४००६०२. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. मी काही बोललो नाही. काच पुसून दिली.

हेच गृहस्थ आधी एकदा विचारून गेले होते, "एखादी वाळवी लागलेली जुनी फ्रेम आहे का हो?"

मिसळवाली

दादा, बोलायला नको होतं का? कोणीतरी घेतलंच असेल ना ते?

फ्रेमवाला_नौपाडा

ताई, हा प्रश्न माझी मुलगीही विचारते. मी सांगतो की लेबल नंतर पुन्हा फ्रेम करताना लागलेलं असू शकतं. ते खरंही आहे. पण तेव्हा मी गप्प बसलो ते या कारणाने नाही, गिऱ्हाईक जाईल म्हणून.

टायटॅनियम

माझी नोकरी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रंगाच्या प्रयोगशाळेत. पाठीवर भागलं नाही तर रंगाकडे या. बेल्ट्राकी नावाचा जर्मन याच रंगाने बुडाला. १९१४ चं म्हणून केलेलं त्याचं एक चित्र २००६ मध्ये २८ लाखांहून जास्त युरोला विकलं गेलं. तपासणीत टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा सापडला आणि १९१४ मध्ये तो चित्रकारांच्या ट्यूबमध्ये आलेलाच नव्हता. एरवी तो झिंकचा पांढरा वापरी. त्या वेळी तयार ट्यूब घेतली आणि त्यात टायटॅनियम आहे हे ट्यूबवर लिहिलेलंच नव्हतं.

तुमच्या काकाला मात्र टायटॅनियमची भीती नाही, साठच्या दशकात तो सर्रास होता. तुम्हाला बघावं लागेल ते कापड. हल्लीच्या कापडात आणि कागदात चकाकी आणणारी द्रव्यं घालतात, अतिनील टॉर्चखाली ती निळी-पांढरी उजळतात. पाचशे रुपयांच्या टॉर्चने काम होतं. जुन्या वार्निशची झाक हिरवट असते. सही त्या वार्निशच्या वर केलेली असेल तर काळी, तरंगल्यासारखी दिसते.

आणि ऑइल लवकर सुकत नाही. वरून कोरडं लागतं, आत वर्षानुवर्षं मऊ. खोटी जुनी चित्रं करणाऱ्या डच व्हॅन मीगरेनने म्हणूनच तेलाऐवजी बेकलाइटसारखं रेझिन वापरून चित्रं भट्टीत भाजली होती.

कोरा_कॅनव्हास

घराणं हवं असेल तर इंग्लंडच्या बोल्टन गावचे ग्रीनहाल्घ बघा. मुलगा घरामागच्या शेडमध्ये 'प्राचीन' वस्तू करायचा. ऐंशी ओलांडलेले वडील त्या घेऊन संग्रहालयात जायचे, 'घरात पडून होतं हो' म्हणत. आईही सामील. २००३ मध्ये गावच्याच संग्रहालयाने त्यांच्याकडून एक इजिप्शियन पुतळा ४ लाख ४० हजार पौंडांना घेतला. पुढे असीरियन शिल्पांवरच्या कीलाक्षर मजकुरात चुका निघाल्या आणि सगळं उघड झालं. इतके पैसे येऊनही राहणी मात्र जुन्याच सरकारी घरात, साधीच.

घोडबंदरचा_ट्रॅफिक

म्हणजे तिकडे लिहिण्यातल्या चुका आणि इकडे लोखंडाच्या चुका. खाडीपलीकडे, कादंबरीचं नाव मिळालं: 'चुका'. मानधन म्हणून मामलेदारची एक तिखट मिसळ चालेल.

तलावपाळी_२

तिखट मागणारा हा आयडी दोन घास खाऊन ताक मागतो, साक्षीदार मी आहे. मूळ विषयावर या.

वाशीचे_वकील

कायद्याचं थोडक्यात. पुतण्याने 'हे अमुक चित्रकाराचं' सांगून विकलं की फसवणूक. १ जुलै २०२४ नंतरचं असेल तर न्याय संहितेचं कलम ३१८, आधीचं असेल तर आपलं लाडकं ४२०. काकाने माहीत असून करून दिलं म्हणजे तोही आत. मात्र १९७४ ते ९६ मध्ये थोरल्याच्या संमतीने त्याच्या घरातून काम गेलं, तिथे कोर्टात दोन्ही बाजूंनी भांडता येईल. मी थोरल्याकडून भांडेन. ती बाजू सोपी आहे.

सल्ला: रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय असे नऊ चित्रकार कलानिधी म्हणून जाहीर आहेत, १९७२ च्या कायद्याने त्यांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचा थोरला त्यात नाही, तेव्हा गिऱ्हाईक परदेशी दाखवायला हरकत नाही.

एक चूक दाखवतो, रागावू नका. १९९८ मध्ये पुतण्याला इतका मोह कशाचा? भारतीय चित्रांना खरे भाव नंतर आले. तैयब मेहता यांचं 'महिषासुर' २००५ मध्ये न्यूयॉर्कला १५ लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हा घराघरांतले माळे साफ झाले. कथा २००५-०६ ला सरकवा. घोडबंदरला टॉवरही झालेले असतील.

खाडीपलीकडे

वकीलसाहेब, रागावतो कसला, सात वर्षं पुढे सरकवतो. काकाचं वय ७८ होईल, तेही बरं, हात त्याचेही कापू लागतील. फ्रेमवाले दादा, पिनकोडचं लेबल चोरू का? नाना, तुमच्या शालीला हात लावणार नाही, ती तुमची.

अगंबाई_ऐरोली

तीन दिवस वाचतेय, आता राहवत नाही. थोरला, धाकटा, पुतण्या, फ्रेमवाला, वकील सगळे बोलले. खाडीपलीकडे, तुमच्या १४० पानांत ती वहिनी, थोरल्याची बायको, काय करते? चहा आणते?

खरं सांगा.

खाडीपलीकडे

...चहा आणते. एकदा खिडकीतून बघते.

अगंबाई_ऐरोली

वाटलंच.

आता ऐका. आमचे बाबा फिरतीवर असायचे. माझ्या आणि भावाच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आई करायची, बाबांच्या नावाची. बाबांचा 'श' खाली लोंबायचा, शेवटी दोन टिंबं. आईने ती इतकी घटवली की शाळेची फी, रेशनचा अर्ज, सोसायटीची पत्रं, सगळीकडे तीच. बाबा निवृत्त झाले आणि बँकेत स्वतः सही करायला गेले. जुळेना. मॅनेजर म्हणाला, "काका, तुमच्या नेहमीच्या सहीसारखी करा ना." बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, माझी सही मला शिकव."

हात कापणाऱ्या माणसाला सर्वांत अवघड काय? सही. एकच ओळ, उचलायचं नाही, थांबायचं नाही. धाकटा चित्र करील, पण भावाच्या नावाची सही करताना त्याचा हात अडेल, मानी असेल तर नक्कीच. मग १९७४ पासून सही कोण करतंय? विचार करा.

जेजेची_जुई

अगं बाई!

मिसळवाली

अंगावर काटा. आमच्या सासूबाई अजून सासऱ्यांच्या एफडीवर सही करतात. हे वाचून त्यांना बोलावलं, म्हणाल्या, "त्यात काय, घरातली सगळी कामं मीच करते."

नेरूळचा_नाना

अगंबाई, तुम्ही गाठ सोडवलीत असं म्हणणार होतो, पण तुम्ही ती घट्ट केलीत. नवरा होता तोवर ती सही तिला घरकामासारखी होती. २००५ मध्ये मुलगा नवा कॅनव्हास समोर ठेवतो आणि म्हणतो, "आई, सही." नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालीत. तेव्हा ती काय करेल?

तलावपाळी_२

करेल. मुलाला फ्लॅट हवाय.

अगंबाई_ऐरोली

मला वाटतं करेल, पण दोन टिंबांपैकी एकच देईल.

टायटॅनियम

म्हणजे पकडण्याचा प्रश्नही सुटला, माझी टॉर्च घरी. अवांतर: वॉल्टर कीन हा अमेरिकन माणूस बायकोची चित्रं स्वतःची म्हणून वर्षानुवर्षं विकत होता. १९८६ मध्ये होनोलुलूच्या कोर्टात दोघांना तिथेच चित्र काढायला सांगितलं. तो म्हणाला खांदा दुखतोय. तिने ५३ मिनिटांत काढून दाखवलं.

वाशीचे_वकील

एका टिंबावर कोर्टात काही सिद्ध होत नाही. पण कोर्टापर्यंत न्यायची गरज काय? धाकट्याला दिसलं की पुरे. चाळीस वर्षं ती सही तो बघतोय.

जेजेची_जुई

आणि मूळ प्रश्न, काका गुन्हेगार का? मी सुरुवातीला तावातावाने नाही म्हटलं होतं. नानांची शाल वाचल्यावर डळमळले. नानांच्या वडिलांनी हिरवी रेघ ओढली ती कोणाचीच नक्कल नव्हती. काका १९७४ नंतर स्वतःची रेघ ओढत असेल तर ती चित्रं त्याची, सही कोणाचीही असो. पण २००५ मध्ये त्याला 'साठ सालचा भाऊ' व्हायचंय, म्हणजे स्वतःची प्रत्येक हिरवी रेघ पुसायची. तिथे तो माझ्या मनातून उतरतो. कायद्याचं वकीलसाहेब बघतील.

खाडीपलीकडे

जुई, हे छापून टेबलासमोर लावलंय.

अपडेट: पाच दिवसांत २२ पानं झाली. वहिनीचा चहा काढून टाकला, ती आता रिगर ब्रश, सहीचा तो लांब बारीक ब्रश, टर्पेंटाइनमध्ये बुडवून वर्तमानपत्रावर टोक काढते. एक टिंब घेतलं, अगंबाई, श्रेय देईन. बायकोला वाचायला दिलं. गप्प बसली. मग म्हणाली, "ही मुंजीत बोलणार नाही." आणि चेकबुक मागून घेतलं, दुधवाल्याचा चेक लिहायचा होता. सही केली. माझी.

घोडबंदरचा_ट्रॅफिक

😀😀 धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). मिसळीचं विसरू नका.

फ्रेमवाला_नौपाडा

खाडीपलीकडे, लेबल खुशाल घ्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला जुन्या चुका हव्या असतील तर दुकानी या, वडिलांच्या वेळचा बोर्नव्हिटाचा डबा भरून आहे, गंजासकट. वहीत नोंद करून न्या फक्त. सही तुमची तुम्हीच करा.